विश्लेषण : बिअर ‘स्ट्राँग’ असते म्हणजे नेमकं काय? हर्णेत उघडलेल्या एका बाटलीने घातलेलं कोडं

व्हिस्कीच्या पिंपात महिनोन् महिने मुरवलेली, ११.५ टक्क्यांची ब्राउन एल भारतात ‘बिअर’ म्हणून विकता येत नाही. त्याच दुकानात ४२.८ टक्क्यांची व्हिस्की मात्र फळीवर असते. असं का? आणि या बाटलीचा कोकणाशी काय संबंध?

हर्णेच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो, तेव्हा जाणतं गिऱ्हाईक आधी भाव विचारत नाही. ते पापलेटाचा कल्ला उचलून बघतं, लाल आहे की काळवंडलाय. मग डोळा बघतं, अंगठ्याने पाठ दाबून बघतं. वजन आणि भाव त्यानंतर. आमच्याकडे दहा वर्षांच्या पोरालाही एवढं कळतं.

बिअरच्या बाबतीत मात्र आपण एकच प्रश्न विचारतो : किती टक्के? पाच म्हणजे ‘माइल्ड’, आठ म्हणजे ‘स्ट्राँग’. संपलं. ती कशाची केली, किती दिवस मुरली, वास कसा आहे, हे विचारायची आपल्याला सवयच नाही.

माझं गाव हर्णे. मी इंजिनीअरिंग केलं आणि आता मोबाइलवर बातम्या लिहितो. गेल्या मे महिन्यात सुट्टीला घरी गेलो होतो. मामेभाऊ बोटीवर आहे, तोही नुकताच उतरला होता. परदेशातून येताना दोन लिटरपर्यंत मद्य शुल्क न भरता आणता येतं. त्यात त्याने ३३० मिलिलिटरची एक बुटकी, काळपट बाटली आणली होती. लेबलवर लिहिलं होतं : ब्राउन एल, बर्बनच्या पिंपात १० महिने, ११.५ टक्के. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. हा लेख तिची जाहिरात नाही.

पडवीत आम्ही तिघं बसलो होतो. मी, मामेभाऊ आणि शेजारचे तात्या. तात्या पंचाहत्तरी ओलांडलेले, तरुणपणी माडावर चढून माडी काढायचे. आई दारात कैऱ्या सोलत बसली होती. तिच्या कपाळावर आठी होती, आणि तिला कारण होतं. त्याकडे पुढे येतो.

बाटलीत नेमकं काय होतं?

आधी साधी गोष्ट. बिअर जवापासून होते. जव भिजवून त्याला मोड आणतात आणि मग वाळवतात. नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणीला मोड आणतो, तशीच ही पहिली पायरी. या मोड आलेल्या, वाळवलेल्या जवाला माल्ट म्हणतात. मोड आल्यामुळे धान्यातल्या पिठाची साखर करणारी द्रव्यं तयार होतात. गरम पाण्यात माल्ट भिजवलं की साखर उतरते, यीस्ट ती खातं आणि अल्कोहोल तयार करतं.

रंग आणि चव ठरते ती माल्ट किती भाजलंय त्यावर. हलकं वाळवलं तर सोनेरी बिअर. खमंग भाजलं तर तपकिरी, म्हणजे ब्राउन एल. कोंबडीच्या वाटणासाठी आपण खोबरं भाजतो तेव्हा पांढऱ्याचं तांबूस होताना जो वास सुटतो, तीच रासायनिक क्रिया इथेही घडते. इंग्लंडमधली प्रसिद्ध न्यूकॅसल ब्राउन एल १९२७ साली बाजारात आली, आज ती जेमतेम ४.७ टक्क्यांची असते. म्हणजे ब्राउन एल मुळात काही डोकं फिरवणारं पेय नाही. कामावरून घरी जाताना प्यायचं पेय.

‘एल’ आणि ‘लागर’ हा फरक यीस्टचा. एलचं यीस्ट उबदार हवेत काम करतं आणि फळांसारखे वास सोडतं. लागरचं यीस्ट थंडीत, सावकाश काम करतं आणि चव स्वच्छ ठेवतं. आपल्याकडे दुकानात मिळणारी बहुतेक बिअर लागर असते, ‘स्ट्राँग’ लिहिलेलीसुद्धा. तिच्यात माल्टच्या जोडीला अनेकदा तांदूळ, मका किंवा साखर असते. साखर वाढवली की टक्के वाढतात, चव वाढतेच असं नाही.

आमच्या बाटलीतली एल दुप्पट-तिप्पट माल्ट घालून कडक केलेली होती आणि नंतर पिंपात मुरवलेली.

वापरलेलं पिंप कशासाठी?

अमेरिकेच्या कायद्यानुसार बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्याच पिंपात मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप पुन्हा बर्बनसाठी चालत नाही. त्यामुळे सुमारे २०० लिटरची ही पिंपं मोठ्या संख्येने बाहेर पडतात. स्कॉटलंडचे व्हिस्कीवाले ती घेतात, रमवाले घेतात. बंगळूरुची अमृत आणि गोव्यातली पॉल जॉन या आपल्याकडच्या सिंगल माल्टसाठीही बर्बनची पिंपं वापरली जातात. १९९०च्या दशकात शिकागोच्या गूज आयलंड ब्रुअरीने अशा पिंपांत काळी, कडक बिअर भरली. तिथून ही रीत जगभर पसरली.

पिंप रिकामं असलं तरी ते पूर्ण रिकामं नसतं. त्याच्या फळ्यांत काही लिटर व्हिस्की मुरलेली राहते. बिअर भरली की ती हळूहळू बाहेर येते, त्यामुळे टक्के थोडे वाढतात. पण खरं काम करतं ते लाकूड आणि हवा. जळालेल्या लाकडातून व्हॅनिलाचा वास उतरतो, तुरटपणा उतरतो, जळक्या साखरेची चव उतरते. फळ्यांतून अगदी थोडी हवा आत जाते आणि बिअरची धार बोथट करते.

पिंपाला खिळा नसतो आणि डिंकही नसतो. बाहेरून लोखंडी पट्ट्या आवळलेल्या असतात आणि लाकूड ओलं होऊन फुगलं की फटी बंद होतात. हर्णेत हे समजावून सांगावं लागत नाही. लाकडी होडी किनाऱ्यावर फार दिवस वाळली की फळ्यांच्या फटी उघडतात. पाण्यात घातली की आधी गळते, मग फुगून बंद होते. मी हे सांगत होतो तेव्हा तात्या म्हणाले, ‘‘म्हणजे ती होडी, फक्त पाणी आतल्या अंगाला.’’ यापेक्षा नेमकी व्याख्या मला कॉलेजात कुणी दिली नव्हती.

चव कशी होती?

थंडगार पिऊ नका, असं लेबलवर लिहिलं होतं. म्हणून फ्रीजमधून काढून बाटली अर्धा तास तशीच ठेवली. मे महिन्यातल्या हर्णेत अर्धा तास पुरेसा होतो. मग तीन काचेच्या ग्लासांत सारखी ओतली. प्रत्येकाच्या वाट्याला ११० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या कपापेक्षा थोडी जास्त.

रंग काकवीचा. फेस बेताचा, पटकन बसला. वास घेतला तर आधी व्हॅनिला, मग खारीक, मग भाजलेलं काहीतरी. घोट घेतल्यावर पहिल्यांदा गोड लागलं, काकवीसारखं. त्यामागून कॉफीची कडवट छटा. गिळल्यावर घशात ऊब, पण जळजळ नाही. आणि सगळ्यात शेवटी जिभेच्या कडा आवळल्या, जांभूळ खाल्ल्यावर आवळतात तशा. तो लाकडाचा तुरटपणा.

सगळंच छान होतं असं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या घोटानंतर गोडी जड वाटायला लागली. मामेभावाला ती ‘औषधासारखी’ वाटली. त्याने अर्धा ग्लास बराच वेळ तसाच ठेवला. पण त्यातच खरी गंमत होती. ११० मिलिलिटर संपवायला आम्हाला पाऊण तास लागला. ती बिअर घाईने पिताच येत नव्हती. प्रत्येक घोटानंतर तोंडात एवढं काही उरत होतं की पुढचा घोट घ्यायची गरज लगेच वाटत नव्हती.

तात्यांनी पहिला घोट तोंडात धरला, डोळे मिटले आणि विचारलं, ‘‘ह्यात नारळ घातलाय काय रे?’’

तात्यांना नारळाचा वास का आला?

नारळ घातलेला नव्हता. पण तात्यांचं नाक बरोबर होतं. अमेरिकी ओकच्या लाकडात लॅक्टोन नावाच्या संयुगांपैकी एक भरपूर असतं. त्याला ‘व्हिस्की लॅक्टोन’ असंच म्हणतात आणि त्याचा वास खोबऱ्यासारखा येतो. खुद्द खोबऱ्याचा वासही लॅक्टोनच्याच कुळातल्या संयुगांमुळे असतो. म्हणजे अमेरिकेतल्या जंगलातल्या झाडात आणि हर्णेच्या माडात वासापुरतं एक नातं निघालं.

मग तात्या माडीबद्दल बोलायला लागले. नारळाची पोय बांधायची, रोज टोकाला पातळ काप द्यायचा, थेंब थेंब रस मडक्यात जमा करायचा. दिवसातून दोनदा झाडावर चढायचं. ताजा रस म्हणजे नीरा, नुसती गोड. पण हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट लगेच कामाला लागतं. काही तासांत फेस येतो, रस चुणचुणीत होतो. संध्याकाळी कडक होतो आणि दुसऱ्या दिवशी आंबट. त्यापुढे त्याचा सिरका. ‘‘फेस कसा फुटतो त्याच्यावरनं सांगायचो, किती चढलीय ती,’’ तात्या म्हणाले. टक्क्यांचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. त्यांच्याकडे कल्ला बघायची नजर होती.

माडी आणि ही पिंपातली एल ही दोन टोकं आहेत. एक दिवसभरात जन्मते आणि मरते, दुसरीला वर्ष लागतं. पण दोन्हींत चव ठरवतो तो काळ. तो काळ ओळखणारी माणसं आमच्या किनाऱ्यावर होती. भंडारी समाजाचा तो पिढीजात धंदा. इंग्रज सरकारने १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने माडीच्या झाडांवरचा कर आणि परवाने कडक केले. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा आला. तो आजही महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून लागू आहे. तात्यांच्या घरात आता माडावर चढणारं कुणी नाही. नातू पुण्यात गाडी चालवतो.

मग ‘स्ट्राँग’ म्हणजे किती?

इथे इंजिनीअरिंगचा थोडा उपयोग करू. शरीराला टक्के कळत नाहीत. शरीराला कळतं ते पोटात गेलेलं एकूण अल्कोहोल, ग्रॅममध्ये. सूत्र सोपं आहे : मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९. आता मांडून बघा.

• ६५० मिलिलिटरची ५ टक्क्यांची माइल्ड बिअर : सुमारे २६ ग्रॅम
• ६५० मिलिलिटरची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर : सुमारे ४१ ग्रॅम
• ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा पेग : सुमारे २० ग्रॅम
• त्याच व्हिस्कीची १८० मिलिलिटरची क्वार्टर : सुमारे ६१ ग्रॅम
• आमची ३३० मिलिलिटरची ११.५ टक्क्यांची बाटली : सुमारे ३० ग्रॅम
• तिच्यातला एकाचा वाटा : सुमारे १० ग्रॅम

म्हणजे सगळ्यात जास्त टक्क्यांची ती ‘भयंकर’ बिअर पिऊन आम्ही प्रत्येकी स्ट्राँग बिअरच्या एका बाटलीच्या चौथ्या हिश्श्याएवढं अल्कोहोल घेतलं होतं. ऑस्ट्रेलियात १० ग्रॅम म्हणजे एक ‘स्टँडर्ड ड्रिंक’ मानतात, आणि बाटलीत अशी किती ड्रिंक आहेत हे लेबलवर छापावं लागतं. आपल्या लेबलवर टक्के असतात, ‘मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे’ हा इशारा असतो, पण ग्रॅम नसतात.

टक्के ही भाव सांगणारी पाटी आहे. कल्ला वेगळा.

कायदा काय म्हणतो?

भारतात मद्याची व्याख्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८च्या नियमांत ठरवली आहे. त्यानुसार ५ टक्क्यांपर्यंत माइल्ड बिअर, ५ ते ८ टक्के स्ट्राँग बिअर. ८ टक्क्यांच्या वर बिअर ही जातच नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या एखाद्या ब्रुअरीने आमच्या बाटलीसारखी एल करायची ठरवली, तर ती ‘बिअर’ म्हणून बाहेर येऊच शकत नाही. पिंप वापरता येईल, टक्के आठच्या आत ठेवावे लागतील.

महाराष्ट्रात छोट्या ब्रुअरीची सुरुवात २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ने केली. त्यानंतर या धंद्यात आलेल्या अनेकांनी गहू, कॉफी, आंबा असे प्रयोग केले. बेल्जियममधल्या रोशफोर्ट मठाची ११.३ टक्क्यांची एल जगात नावाजली जाते. आपल्याकडे ती ‘बिअर’च्या व्याख्येत बसणार नाही.

राज्याचं मोजमापही टक्क्यांभोवती आणि रुपयांभोवतीच फिरतं. जून २०२५मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा नवा प्रकार आणला. तो धान्यापासूनच्या मद्याचा. त्याची १८० मिलिलिटरची किमान किंमत १४८ रुपये, देशीची ८०, विदेशीची २०५. या सगळ्या आकड्यांत चव, काळ, कच्चा माल यांना जागा नाही.

एक बारीक गोष्ट वाचकांसाठी. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. बिअरसाठी वयाची अट २१ वर्षं, व्हिस्की-रमसाठी २५. आजीवन परवान्याची फी १००० रुपये आहे. माझ्याकडे तो आहे. माझ्या ओळखीच्या बहुतेकांकडे नाही. कायदा ‘दारूबंदी’च्या नावाने चालतो आणि दुकानासमोर रांग लागते, या दोन्ही गोष्टींची आपल्याला इतकी सवय झालीय की त्यात काही विचित्र वाटत नाही.

८ टक्क्यांची मर्यादा काढली तर धोका नाही का?

आहे. आणि इथे आईच्या कपाळावरच्या आठीकडे यायला हवं.

माझे धाकटे काका ४३व्या वर्षी गेले. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, शेवटचे दोन महिने दापोली आणि मुंबईच्या फेऱ्यांत गेले. ते कधी ‘चव’ घेत नव्हते. संध्याकाळी बंदरावरून येताना जे स्वस्त आणि लवकर चढणारं मिळेल ते घ्यायचे, उभ्या उभ्या संपवायचे आणि तोंडात बडीशेप टाकून घरी यायचे. लपवायचं असलं की घाई करावी लागते. आम्हा मुलांना बडीशेपेच्या वासावरून कळायचं, आज बोलायचं नाही.

म्हणून ‘मद्याच्या संस्कृती’बद्दल कौतुकाने लिहिलेलं वाचलं की मला अर्धवट वाटतं. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांच्या, विशेषतः बायकांच्या आंदोलनातून आली. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली, २०२१मध्ये उठली. गावोगाव बायकांनी मतदान करून ‘आडवी बाटली’ला कौल दिला आणि दुकानं बंद पाडली. त्या बायकांना बर्बनच्या पिंपाच्या गोष्टी सांगायला गेलं तर त्या हाकलतील, आणि त्यांचं चुकणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट सांगितलं की मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. आमचे ते १० ग्रॅमही त्यात आले.

कडक बिअर स्वस्त झाली तर काय होतं, हे ब्रिटनने पाहिलं आहे. तिथे जास्त टक्क्यांची डब्यातली स्वस्त लागर रस्त्यावर राहणाऱ्या व्यसनी लोकांचं पेय झाली होती. त्यावर ऑक्टोबर २०११मध्ये ७.५ टक्क्यांपेक्षा कडक बिअरवर वेगळा जादा कर लावला गेला. बंदी घातली नाही, स्वस्ताई काढून घेतली.

माझा मुद्दा इथे आहे. ८ टक्क्यांच्या मर्यादेने माझ्या काकांना वाचवलं नाही. ती त्यांना वाचवण्यासाठी पुरेशी नव्हतीच, कारण शेजारच्याच फळीवर ४२.८ टक्क्यांची क्वार्टर होती. ही मर्यादा अडवते ती दहा महिने मुरवलेल्या, महाग, सावकाश प्यायच्या बिअरला. घाईने पिण्याला ती कुठेच अडवत नाही. व्यसनाला खतपाणी घालतात ते स्वस्ताई, घाई आणि लपवाछपवी. नियम मोजतो ते फक्त टक्के.

हर्णेत असं पिंप भरता येईल का?

तात्यांनी हा प्रश्न विचारला आणि मी हसलो. नंतर विचार केला.

अडचणी खऱ्या आहेत. पिंपातून मद्य उडून जातं. स्कॉटलंडमध्ये व्हिस्की वर्षाला सुमारे २ टक्के उडते, बंगळूरूच्या हवेत १० ते १२ टक्के. कोकणात उष्णता आणि दमट हवा दोन्ही. दमट हवेत पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडतं, म्हणजे कडकपणाही उतरतो. बिअरचं तर आणखी अवघड, कारण तिच्यात अल्कोहोल कमी असल्याने आंबट करणारे जिवाणू सहज शिरतात. खोली थंड ठेवावी लागते, त्यासाठी वीज अखंड लागते. पावसाळ्यात आमच्याकडे विजेचं काय होतं हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको.

पण उष्णतेचा फायदाही असतो. लाकडाची चव लवकर उतरते. अमृतने २००४ साली आपली सिंगल माल्ट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवली, पॉल जॉन २०१२मध्ये आली. भारताच्या उन्हात मुरलेलं मद्य जगात मान मिळवतं, हे त्यांनी दाखवलं. पॉल जॉनची भट्टी गोव्यातल्या कुंकळ्ळीला आहे. आमच्याच किनारपट्टीची हवा.

आणि पिंपात बिअरच भरायला हवी असं कुठे आहे? द्राक्षांसाठी महाराष्ट्राने २००१ साली वाइन धोरण आणलं आणि नाशिकचं नाव जगात गेलं. गोव्याने काजूच्या फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं आणि २०१६मध्ये तिला वारशाचं मद्य ठरवलं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये काजूची बी काढून घेतात आणि बोंडं झाडाखाली सडतात. बीच्या कित्येक पट वजनाचं, रसाने भरलेलं फळ. हर्णेपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे, १९७२पासून. काजूच्या जातींवर तिथल्या शास्त्रज्ञांनी मोठं काम केलं आहे. बी मोठी झाली, झाड लवकर फळायला लागलं. बोंडाला मात्र नाशिकच्या द्राक्षासारखं नशीब अजून मिळालेलं नाही.

मग करायचं काय?

मला तीन गोष्टी सुचतात. त्या कुणाला फार मोकळ्या वाटतील, कुणाला फार कडक.

पहिली : बाटलीवर टक्क्यांच्या शेजारी ग्रॅम छापा. ‘या बाटलीत ४१ ग्रॅम अल्कोहोल आहे’ असं मोठ्या अक्षरांत, मराठीत. याला पैसे लागत नाहीत, शाई लागते. इशाऱ्याचं वाक्य आपण वाचून सोडून देतो. आकडा शेजारच्या बाटलीशी ताडून बघता येतो.

दुसरी : ८ टक्क्यांच्या वरच्या बिअरसाठी एक छोटी वेगळी व्याख्या करा. लहान बाटली, जास्त कर, वयाची अट २५, आणि लाकडात किंवा टाकीत किमान काही महिने मुरवल्याची सक्ती. ज्याला लवकर चढायचं आहे तो या वाटेला जाणारच नाही, कारण त्याला ती परवडणार नाही. ज्याला चव कळते त्याला ती मिळेल. ब्रिटनने धडा शिकून केलं ते आपण आधीच करू शकतो.

तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची : या जादा कराचा ठरावीक हिस्सा त्याच जिल्ह्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रांना द्या. रत्नागिरीतल्या माणसाला उपचारासाठी मुंबई गाठावी लागू नये. चवीच्या नावाने पैसा गोळा करायचा आणि व्यसनाचा खर्च घराघरांतल्या बायकांवर टाकायचा, हे चालणार नाही.

यावर ‘आधी रस्ते करा, मग बिअर’ असं म्हणणारे असतील. त्यांचं म्हणणं मला पटतं. पण चवीचा प्रश्न चैनीचा नाही. ज्या गोष्टीला चव असते तिला कारागीर लागतो, कच्चा माल लागतो, वेळ लागतो. म्हणजे कुणाला तरी काम मिळतं. ज्या गोष्टीला फक्त टक्के असतात तिला फक्त टँकर लागतो.

त्या संध्याकाळी बाटली संपली तेव्हा लिलाव आटोपून माणसं वर यायला लागली होती. तात्यांनी ग्लास नाकाशी धरून पुन्हा एकदा वास घेतला. रिकाम्या ग्लासातच वास जास्त कळतो, हे त्यांना कुणी सांगायला लागलं नाही. मामेभावाने बाटली धुऊन खिडकीत ठेवली.

मी यावर लिहिणार आहे हे आईला सांगितलं. ती कैरीच्या फोडींना मीठ लावत होती. वर न बघता म्हणाली, ‘‘लिही. पण भाऊजींचंही लिही. नुसतं चवीचं लिहू नकोस.’’

म्हणून दोन्ही लिहिलं.

(मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे. लेखातील मतं वैयक्तिक आहेत.)